ट्रंकेतली दुसरी पोथी

दृश्य असं आहे. सोसायटीचे सेक्रेटरी काका संगणकासमोर बसलेत आणि तुम्ही त्यांच्या खुर्चीमागे उभे आहात. मेंटेनन्सच्या पावत्या काढणारा एक छोटा प्रोग्राम तुम्ही पायथन भाषेत लिहिलाय. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग खिडकी उघडून फ्लॅटची यादी दाखवतो. दुसरा भाग वेगळ्या फाईलमध्ये आहे. तो पडद्यामागे मुकाट बसून पावत्या तयार करतो. काकांच्या संगणकावर पायथन नाही आणि ते बसवण्याच्या भानगडीत त्यांना पडायचं नाही. म्हणून तुम्ही सगळं बांधून एकच ईएक्सई फाईल केलीत. डबल क्लिक केलं की काम सुरू. बांधण्याआधी, तुमच्या घरी, सगळं सुरळीत चालत होतं.

काका डबल क्लिक करतात. खिडकी उघडते. मग तिच्यावर दुसरी, हुबेहूब तशीच. मग तिसरी, चौथी, दहावी. पंखा घरघरायला लागतो. काका माऊसवरचा हात उचलतात आणि म्हणतात, "मी काही केलं नाही हं!"

काकांनी खरंच काही केलेलं नाही. तुम्हीही संगणकाला एवढंच सांगितलं होतं, की सुरू झाल्यावर पायथनला हाक मार आणि त्याच्या हातात ती दुसरी फाईल दे. मग पावत्यांऐवजी खिडक्यांचं पीक का आलं?

उत्तर त्या एका फाईलच्या पोटात आहे. चला, उतरूया. आत जे काही आहे ते पाहून पावत्यांचा विसर पडेल, एवढं मात्र आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात एका गैरसमजापासून करू. आपण सहज म्हणून जातो, 'स्क्रिप्ट चालवली'. स्क्रिप्ट कधीच चालत नाही. ती नुसता मजकूर असते. नोटपॅडमध्ये उघडली की अक्षरं दिसतात, बस्स. देव्हाऱ्यातली पोथी आपणहून बोलत नाही, ती वाचायला पुराणिकबुवा लागतात. पायथनचे पुराणिकबुवा म्हणजे इंटरप्रिटर. हा मात्र खराखुरा चालणारा प्रोग्राम, सी भाषेत लिहिलेला. गिडो व्हान रोसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत त्याचं काम हाती घेतलं आणि १९९१ मध्ये तो जगापुढे ठेवला.

हे बुवा पोथी थेट वाचत नाहीत. आधी संपूर्ण मजकुराचं अगदी आटोपशीर टिपण करतात. त्याला म्हणतात बाइटकोड. मग त्या टिपणातली एकेक सूचना उचलायची, पाळायची, पुढची उचलायची. बुवांचा सगळा दिवस या एका फेऱ्यात जातो.

बुवा राहतात कुठे? विंडोजवर पायथन बसवलं की पायथन नावाची ईएक्सई मिळते. ती उघडून बघाल तर चकित व्हाल, कारण ती जेमतेम शंभरेक केबीची असते. एवढ्याशा खोलीत इतकी मोठी भाषा राहते कशी? राहतच नाही. ही ईएक्सई म्हणजे फक्त दारावरची घंटा. बुवा शेजारच्या डीएलएल फाईलमध्ये राहतात आणि ती कित्येक एमबींची असते. घंटा वाजवली की आतून बुवा येतात.

हा तपशील लक्षात ठेवा. काकांच्या संगणकावरचा घोळ या घंटेपाशीच झालाय.

आता बांधाबांध. हे काम करणारं एक प्रसिद्ध अवजार आहे, पायइन्स्टॉलर. तुमची स्क्रिप्ट हातात घेऊन ते पहिला प्रश्न विचारतं: हिला कोणकोण लागतं? लग्नाची यादी कशी होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. याला बोलवायचं तर त्याच्या भावाला, भावाला बोलवायचं तर त्याच्या साडूला. इथेही तसंच. तुमच्या स्क्रिप्टने तारखांचं मॉड्यूल मागवलेलं असतं, त्या मॉड्यूलने आणखी दोन मागवलेली असतात, त्या दोघांनी आणखी चार. प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून, हे अवजार नात्यांचं हे जाळं शेवटच्या पाहुण्यापर्यंत उलगडतं. मग सगळ्यांची टिपणं दाबून एका गठ्ठ्यात बसवतं, सोबत बुवांची डीएलएलही घेतं. झाली ट्रंक तयार. पोथी आत, संदर्भग्रंथ आत, बुवासुद्धा आत.

घंटा मात्र आत नाही. ट्रंकेला स्वतःचं वेगळं दार आहे. सी भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम, त्याचं नाव बूटलोडर. गठ्ठा कुठे ठेवायचा? अवजार तो बूटलोडरच्या ईएक्सईच्या शेपटाला सरळ चिकटवून देतं.

थांबा. चालू प्रोग्रामच्या शेपटाला काहीही चिकटवलं तरी तो चालतो? हो! तुमच्या एखाद्या ईएक्सईच्या शेवटी आमरसाचा फोटो जोडलात तरी ती पूर्वीसारखीच सुरू व्हायची शक्यता दांडगी. कारण विंडोज ईएक्सई वाचतं ते डोक्याकडून. पहिली दोन अक्षरं 'एम' आणि 'झेड' आहेत ना, एवढं ते पाहतं. ही मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की या अभियंत्याची आद्याक्षरं आहेत. डॉसच्या जमान्यापासून प्रत्येक ईएक्सई ती कपाळावर मिरवते. पुढे एक अनुक्रमणिका असते: अमुक भाग इथून तिथपर्यंत, तमुक भाग एवढ्या लांबीचा. विंडोज तेवढंच मेमरीत आणतं. त्यापलीकडे काय आहे, याची त्याला पर्वा नसते.

झिप फाईलचं नेमकं उलटं. तिची अनुक्रमणिका शेवटी असते आणि ती शेपटाकडून वाचतात. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये हा साचा आणला. त्यांचीही आद्याक्षरं, 'पी' आणि 'के', प्रत्येक झिपमध्ये बसलेली आहेत. तुमची वर्डची डॉकएक्स फाईल आतून झिपच असते, म्हणजे आजवर तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक अर्जाच्या माथ्यावर कॅट्झ यांची सही होती. आता गंमत बघा. ईएक्सईच्या मागे झिप जोडली, की डोक्याकडून वाचणाऱ्याला ती फाईल प्रोग्राम वाटते आणि शेपटाकडून वाचणाऱ्याला झिप. फाईल एकच. ती काय आहे हे ठरवतो वाचणारा.

आपला बूटलोडर हीच युक्ती वापरतो. सुरू होताच तो पहिलं काम करतो ते स्वतःचीच फाईल उघडण्याचं. नुकताच जागा झालेला माणूस स्वतःच्याच खिशात हात घालून 'मी कोण, कुठे निघालोय' हे शोधतो, तसं. शेवटाकडून मागे येत तो आठ बाइटची एक खूण शोधतो. तिची पहिली तीन अक्षरं आहेत 'एम ई आय'. याचा अर्थ मॅकमिलन एंटरप्रायझेस इन्कॉर्पोरेटेड. पायइन्स्टॉलर ज्यातून जन्मलं ते मूळ अवजार गॉर्डन मॅकमिलन यांनी लिहिलं होतं. अवजाराचं नाव बदललं, माणसं बदलली, खूण तीच राहिली. जुन्या वाड्याच्या चौकटीवर मूळ मालकाची अक्षरं राहून जावीत तशी.

खूण सापडली की गठ्ठा सुटतो. एका फाईलच्या बांधणीत बूटलोडर तात्पुरत्या फाईलींच्या जागी एक फोल्डर करतो, त्याच्या नावातही 'एमईआय' असतंच, आणि त्यात बुवांना, ग्रंथांना, सगळ्यांना मांडून ठेवतो. पुढे काय करतो माहीत आहे? तो स्वतःलाच पुन्हा हाक मारतो! तीच ईएक्सई दुसऱ्यांदा सुरू होते. टास्क मॅनेजर उघडून पाहा, एका डबल क्लिकवर एकाच नावाच्या दोन ओळी दिसतील. पहिली प्रत बाहेर बसते. दुसरी प्रत बुवांना जागं करून पोथी वाचायला लावते. वाचन संपलं की बाहेर बसलेली प्रत आत येऊन सतरंज्या गोळा करते, म्हणजे ते तात्पुरतं फोल्डर पुसून टाकते. वाचणाऱ्याला स्वतःच्या पायाखालची सतरंजी काढता येत नाही, म्हणून बाहेर कुणीतरी हवंच. प्रोग्राम मध्येच जबरदस्तीने बंद पाडलात तर हा झाडूवालाही जातो आणि फोल्डर तसंच पडून राहतं.

पण दुसऱ्या प्रतीला कसं कळतं, की आपण दुसरी आहोत? तिनेही सामान मांडून तिसरीला हाक का मारू नये? कारण पहिलीने तिच्या खिशात चिठ्ठी ठेवलेली असते: 'सामान मांडलंय, अमुक जागी आहे.' प्रत्येक चालू प्रोग्रामसोबत अशा चिठ्ठ्यांचा छोटा संच असतो, त्याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स म्हणतात. दुसरी प्रत आधी खिसा चाचपते, चिठ्ठी वाचते आणि थेट कामाला लागते.

म्हणजे काकांच्या संगणकावर एकदाही गडबड झाली नसती, तरी तो प्रोग्राम स्वतःची एक प्रत काढूनच सुरू झाला असता. स्वतःला हाक मारणं हा त्याचा स्वभावच. मग खिडक्यांचं प्रकरण वेगळं कसं?

आता घंटेकडे वळू. 'पायथनला हाक मार' हे तुम्ही लिहिलं होतं, पण कुठल्या पत्त्यावर? वेगवेगळ्या संगणकांवर पायथन वेगवेगळ्या ठिकाणी असतं, म्हणून शहाणी माणसं पत्ता हाताने लिहीत नाहीत. पायथनमध्ये 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' नावाची एक पाटी असते. तिच्यावर लिहिलेलं असतं, की आत्ता जो प्रोग्राम चालतोय त्याची ईएक्सई कुठे आहे. तुमच्या घरी तिच्यावर घंटेचा पत्ता होता. तुम्ही घंटा वाजवलीत, दुसरी फाईल पुढे केलीत, दुसरे बुवा आले, वाचू लागले.

काकांच्या संगणकावर घंटाच नाही. आत्ता चालणारी ईएक्सई कोणती? ट्रंक. पाटीवर पत्ता कुणाचा? ट्रंकेचा. तुमची ओळ प्रामाणिकपणे त्या पत्त्यावर गेली आणि तिने ट्रंक पुन्हा उघडली. आतून बुवा आले, त्यांनी नेहमीप्रमाणे पहिली पोथी पहिल्या पानापासून सुरू केली. खिडकी उघडली. पुढच्या पानावर लिहिलेलं होतं, 'पायथनला हाक मार.' मारली. पुन्हा ट्रंक. पुन्हा बुवा. पुन्हा पहिलं पान.

तुम्ही विचारलंत, "तू पायथन ना?" ट्रंक सांगत होती, तो मी नव्हेच!

आणि यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आता येते. प्रत्येक नव्या प्रतीला सुरू होताना तुम्ही दुसऱ्या फाईलचं नाव दिलेलं होतंच. प्रोग्राम सुरू करताना त्याला दिलेले शब्द, म्हणजे आर्ग्युमेंट्स, त्याच्या हातात जसेच्या तसे पोचतात. घंटेने ते वाचले असते, कारण 'हातात आलेल्या नावाची पोथी वाचायची' हेच तिचं काम. ट्रंकेला तसं कुणी सांगितलेलंच नव्हतं. दहाव्या खिडकीच्या हातातसुद्धा 'पावत्या काढ' अशी चिठ्ठी होती. वाचली मात्र कुणीच नाही.

म्हणजे उपाय काय? चिठ्ठी वाचा! पहिल्या पोथीच्या अगदी पहिल्या पानावर दोन ओळी घालायच्या: हातात 'पावत्या' असा शब्द असेल तर खिडकी उघडू नकोस, ट्रंकेतली दुसरी पोथी काढ आणि ती वाच, हात रिकामा असेल तर नेहमीप्रमाणे चालू दे. दुसरी पोथी वाचायचं साधन पायथनकडे तयार आहे. 'रनपाय' नावाचं मॉड्यूल एखादी फाईल घेऊन ती मुख्य स्क्रिप्ट असल्यासारखी वाचून दाखवतं. झालं. आता ट्रंक स्वतःला हाक मारते, पण दुसऱ्या भूमिकेसाठी.

आचार्य अत्र्यांच्या १९६२ च्या 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकर एकटे पाच भूमिका करत. नट एकच, प्रवेशागणिक वेश वेगळा. संगणकाच्या जगात हा प्रयोग जुनाच आहे. १९९५-९६ च्या सुमारास ब्रूस पेरेन्स यांना लिनक्सची डेबियन प्रणाली बसवण्यासाठी कितीतरी छोटी अवजारं एका फ्लॉपीत कोंबायची होती. प्रत्येक अवजाराची वेगळी फाईल केली तर जागा पुरणार कशी? त्यांनी बिझीबॉक्स लिहिलं. फाईल एकच, पण तिला ज्या नावाने हाक माराल ते काम ती करते. फाईलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेच्या नावाने बोलावलं तर यादी दाखवेल, नक्कल करणाऱ्या आज्ञेच्या नावाने बोलावलं तर नक्कल करेल. हा बहुरूपी आज कित्येक वायफाय राउटरच्या पोटात बसून इमानेइतबारे काम करतोय.

पायथनने ही बहुरूप्याची युक्ती आपल्या घरातच सामावून घेतली आहे. एकाच वेळी अनेक कामं वाटून करायची असतील तर 'मल्टिप्रोसेसिंग' नावाचं मॉड्यूल नव्या प्रती सुरू करतं. युनिक्स घराण्यात यासाठी 'फोर्क' नावाची हाक आहे आणि ती खरोखर अद्भुत आहे. चालू प्रोग्राम ती मारतो आणि क्षणात त्याचे दोन होतात. मेमरी तीच, आठवणी त्याच. हाक मारली एकदा, ओ आली दोनदा. मूळ प्रतीला, म्हणजे आईला, बाळाचा क्रमांक ऐकू येतो, बाळाला शून्य, आणि त्यावरून दोघांना कळतं कोण कोण आहे ते. विंडोजकडे ही सोय नाही. तिथे नवी ईएक्सई कोरी सुरू करायची आणि तिच्या कानात सांगायचं, की बाई, तू मदतनीस आहेस. मॅकवरही २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून पायथन आपणहून हीच रीत वापरतं. आता बांधलेल्या प्रोग्राममध्ये ही कानगोष्ट कुणी ऐकलीच नाही तर? पुन्हा खिडक्यांचं पीक. म्हणून 'फ्रीझ सपोर्ट' नावाची एक ओळ असते, ती मुख्य भागात सगळ्यांच्या आधी लिहायची. तिचं काम काय? हातातली चिठ्ठी वाचणं. मघाच्या आपल्या दोन ओळी आणि ही एक ओळ, सख्ख्या बहिणी आहेत.

तुम्ही म्हणाल, एवढी यातायात कशाला? जे बुवा जागे आहेत त्यांनाच दुसरी पोथी वाचायला दिली तर? देता येते. पण मग बुवा पावत्या वाचत असताना खिडकी गोठते, कारण तोंड एकच. शिवाय दुसऱ्या पोथीच्या शेवटी 'आता प्रोग्राम संपव' असं लिहिलेलं असेल आणि ते कुणी मध्येच अडवलं नाही, तर बुवा आपलाच गाशा गुंडाळून चालते होतात. छोट्या कामाला हे चालतं. मोठ्या कामाला दुसरी प्रत बरी. ती कोसळली तरी खिडकी शाबूत.

दोन खड्डे अजून आहेत. पहिला पाहुण्यांच्या यादीचा. यादी करताना अवजाराने पहिलीच पोथी वाचली होती. दुसरी त्याच्या लेखी नुसतं सामान होती, एखाद्या चित्रासारखी. त्यामुळे दुसरीला लागणारी मॉड्यूल्स ट्रंकेत आलीच नसतील. बुवा दुसरी पोथी उघडतात, 'अमुक ग्रंथात पाहा' असा उल्लेख येतो आणि ग्रंथ जागेवर नाही! हे आमंत्रण आपणच द्यावं लागतं: हाही पाहुणा येणार आहे, घ्या यादीत.

दुसरा खड्डा जास्त गमतीचा. दुसरी स्क्रिप्ट म्हणते, 'मी जिथे आहे तिथेच पावत्या ठेव.' ती कुठे आहे? त्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये. पावत्या छान तयार होतात, काका खूश होऊन प्रोग्राम बंद करतात, बाहेर बसलेली ती पहिली प्रत इमानाने आत येते आणि सतरंज्यांबरोबर पावत्याही झाडून नेते. एकही उरत नाही. मांडवात ठेवलेली वस्तू मांडवाबरोबर जाते. जपायचं ते घरी ठेवावं, म्हणजे काकांच्या कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये.

हे सगळं जुगाड वाटतंय? पोटात पोथ्या घेऊन हिंडणारी ईएक्सई म्हणजे काहीतरी आडमार्गी प्रकार? मग शेवटचं आश्चर्य ऐका.

पायथनमध्ये दुसरी फाईल मागवायची यंत्रणा, जिच्याशिवाय पानही हलत नाही, ती स्वतः पायथनमध्येच लिहिलेली आहे. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून. आता विचार करा. फाईल मागवायला ही यंत्रणा लागते आणि यंत्रणा स्वतः पायथनची पोथी आहे. मग तिला कोण मागवणार? पहिल्या शिडीवर चढायला शिडी कुठून आणायची? पायथन घडवणाऱ्यांनी केलं ते असं. त्या पोथीचं बाइटकोड टिपण करून ते निव्वळ आकड्यांची रांग म्हणून इंटरप्रिटरच्याच पोटात गोठवून टाकलं. बुवा जागे होतात तेव्हा ही एक पोथी त्यांना मागवावी लागत नाही. ती त्यांना जन्मतः पाठ असते. थोडक्यात, अस्सल, न बांधलेलं, अधिकृत पायथनसुद्धा पोटात पोथी घेऊनच जन्माला येतं. आपली ट्रंक बुवांचाच कित्ता गिरवत होती.

काका आता पुन्हा डबल क्लिक करतात. विंडोज फाईल डोक्याकडून वाचतं. बूटलोडर तीच शेपटाकडून वाचतो. त्याची दुसरी प्रत खिशातली चिठ्ठी वाचते. बुवा जन्मतः पाठ असलेल्या पोथीच्या आधाराने पहिली पोथी वाचतात. खिडकी उघडते, एकच. पडद्यामागे ट्रंक पुन्हा एकदा उघडते, हातातला एक शब्द वाचते आणि दुसरी पोथी काढते. हे सगळं होईपर्यंत काकांचा चहा अजून वाफाळताच असतो.

प्रिंटर कुरकुरतो. पहिली पावती बाहेर येते. या साखळीतले शेवटचे वाचक चष्मा कपाळावरून नाकावर घेतात, पावती हातभर लांब धरतात आणि म्हणतात, "छान आलीय. पण ३०२ ची मागची थकबाकी राहिलीय बघ यात."